पाऱ्याचे विष आणि राष्ट्रांचा करार

धातूंच्या परिवारात पारा हा एक विलक्षण धातू होय. तो वजनाला जड, रंगाने चांदीसारखा, परंतु स्वभावाने पाण्यासारखा वाहता आहे. चिमटीत धरू गेल्यास तो निसटतो. जमिनीवर सांडल्यास त्याचे शेकडो कण होतात आणि जवळ आणताच ते पुन्हा एक होतात. अशा धातूची माणसाला भुरळ पडली यात नवल नाही. भारतीय रसशास्त्राने त्याला रसराज ही पदवी दिली. युरोपातील किमयागारांनी त्याच्या साहाय्याने सोने निर्माण करण्याची स्वप्ने पाहिली. स्पेनमधील अल्मादेन आणि स्लोव्हेनियातील इद्रिया येथील खाणींनी शतकानुशतके जगाला पारा पुरविला. पुढे यंत्रयुग आले आणि ताप मोजण्याच्या कांडीपासून विजेच्या नळीपर्यंत, आणि दातांत भरावयाच्या मिश्रणापासून कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यापर्यंत पाऱ्याने सर्वत्र प्रवेश मिळविला.

या एकाच मूलद्रव्याला आवर घालण्यासाठी जगातील सुमारे दीडशे राष्ट्रे आज एका कराराने बांधली गेली आहेत. ‘मिनामाता करार’ हे त्याचे नाव. मुत्सद्द्यांचे करार सामान्यतः ज्या नगरात सह्या होतात त्या नगराच्या नावाने ओळखले जातात. या कराराला मात्र एका दुःखी गावाचे नाव मुद्दाम देण्यात आले. ते का, हे समजल्यावाचून कराराचे महत्त्वही समजणार नाही आणि त्यातील उणीवही ध्यानात येणार नाही.

जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव आहे. मासेमारी हा तेथील पूर्वापार व्यवसाय. चिस्सो या कंपनीचा रसायनांचा कारखाना तेथे होता आणि १९३२ साली त्याने ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनविण्यास प्रारंभ केला. या प्रक्रियेत पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरीत. ती चालू असता त्या पाऱ्याच्या काही भागाचे एका सेंद्रिय विषात, म्हणजे मिथिल पाऱ्यात, रूपांतर होई आणि सांडपाण्याबरोबर ते समुद्राच्या खाडीत जाई. गावाला कारखान्याचा अभिमान होता. अनेकांची चूल त्याच्यावर पेटत असे.

१९५०च्या पुढील वर्षांत तेथे विचित्र गोष्टी घडू लागल्या. मांजरे वेड्यासारखी गरगर फिरत, उड्या घेत, समुद्रात पडून मरत. मासे पाण्यावर तरंगताना दिसत. मग तोच प्रकार माणसांत दिसू लागला. हातपाय बधिर होणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टीचे क्षेत्र आकसत जाणे, आणि शेवटी झटके येऊन मृत्यू. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी, कारण न कळणारा मज्जासंस्थेचा विकार पसरत असल्याची वर्दी आरोग्य खात्याला दिली. मिनामाता रोगाची अधिकृत नोंद या दिवसाची आहे.

यापुढील बारा वर्षांचा इतिहास हा या प्रकरणाचा खरा गाभा होय. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी रोगाचे मूळ सेंद्रिय पाऱ्यात असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातले. प्रयोगाच्या नोंदीत त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तोच रोग जडला. परंतु कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये तिने पीडितांना अल्पशी सहानुभूतीची रक्कम देऊन त्यांच्याकडून एक करारनामा लिहून घेतला. पुढे रोगाचे कारण कारखाना असल्याचे सिद्ध झाले तरी अधिक भरपाई मागावयाची नाही, असे कलम त्यात होते. सांडपाणी शुद्ध करण्याचे एक यंत्रही थाटामाटाने बसविण्यात आले. पाण्यातील सेंद्रिय पारा काढून टाकण्याची शक्ती मात्र त्या यंत्रात नव्हती.

त्यानंतरही कारखाना चालूच राहिला. १९६५ साली निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्यामुळे तोच रोग पुन्हा उद्भवला. मिनामातामध्ये पाऱ्याची ती प्रक्रिया थांबली मे १९६८ मध्ये, आणि रोगाचे कारण कारखान्यातून आलेला मिथिल पारा होय, असे जपान सरकारने मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. मधल्या काळात किती जणांनी ते मासे खाल्ले, याची गणती करणे अवघड आहे. दोन हजार दोनशेंहून अधिक लोकांना सरकारने रोगी म्हणून अधिकृत मान्यता दिली; आपणही पीडितच आहोत असे सांगणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. सरकार आणि प्रांतिक प्रशासनही या अनर्थाला जबाबदार आहे, असा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होण्यास २००४ साल उजाडावे लागले.

या रोगाने वैद्यकाला एक भयंकर धडा शिकविला. गर्भाशयातील वार ही बाळाचे विषापासून रक्षण करते, अशी तोपर्यंत समजूत होती. मिथिल पारा तो पडदा ओलांडून जातो, किंबहुना आईच्या शरीरातील विष बाळाकडे ओढले जाते, असे मिनामातामध्ये दिसून आले. आई धडधाकट दिसत असे आणि मूल मात्र पांगळे जन्मास येई. १९६२ साली अशा सोळा मुलांचा आजार जन्मजात मिनामाता रोग असल्याचे मान्य झाले.

परंतु जपानमधील एका खाडीच्या दुःखासाठी सगळ्या जगाने करार का करावा? याचे उत्तर पाऱ्याच्या प्रवासात आहे. पारा हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही, विघटित होत नाही, नष्ट होत नाही. दगडी कोळशात तो अल्प प्रमाणात असतो. कोळसा जळाला की वाफेच्या रूपाने धुरांड्यातून निघतो. ती वाफ हवेत काही महिने, कधीकधी वर्षभरही टिकते आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीला वळसा घालू शकते. पुढे पावसाबरोबर ती तळ्यांत व समुद्रात उतरते. तेथील सूक्ष्म जंतू तिचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. शेवाळ, किडे, लहान मासे, मोठे मासे अशा एकेका पायरीने त्या विषाचे प्रमाण वाढत जाते. म्हणूनच बांगडा, तारली यांसारख्या लहान माशांत ते कमी, आणि दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोरीसारख्या मोठ्या माशांत ते अधिक आढळते. ज्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात धुरांडी जवळजवळ नाहीत, तेथे सील व व्हेल यांच्या मांसावर जगणाऱ्या इनुइट लोकांच्या रक्तात पारा सापडतो, तो याच कारणाने. एका देशाची चूल पेटते आणि दुसऱ्या देशाच्या ताटात विष पडते.

पारा व्यापाराच्या वाटेनेही हिंडतो. १९७१च्या अखेरीस इराकमध्ये परदेशातून बियाणे म्हणून गहू व जव आले. कीड लागू नये म्हणून त्यांना मिथिल पाऱ्याचे औषध चोळलेले होते. पोत्यांवरील इशारा परक्या भाषेत होता. शेतकऱ्यांनी ते धान्य दळून त्याच्या भाकरी केल्या. सहा हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि सरकारी आकड्याप्रमाणे त्यांतील ४५९ जण दगावले. कारखानेही देश बदलतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातून हलविलेला थर्मामीटरचा एक कारखाना १९८०नंतरच्या दशकात तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे सुरू झाला. २००१ साली पारायुक्त काचेचा कचरा भंगाराच्या आवारात सापडला आणि तो कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन कचरा जहाजाने परत अमेरिकेस पाठवावा लागला. एका राष्ट्राने कडक कायदा केला की धोकादायक धंदा शेजारच्या, गरीब राष्ट्राकडे सरकतो. अशा वेळी एकट्याचा कायदा अपुरा पडतो. सर्वांचा मिळून कायदा असावा लागतो.

तो कायदा होण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी परिषद १९७२ साली स्टॉकहोम येथे भरली. भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी गरिबी व पर्यावरण यांच्या नात्यावर जे भाषण केले, ते याच परिषदेत. त्या दिवसांत मिनामाताचे काही पीडितही स्टॉकहोमला गेले होते. त्यांत गर्भातच विषबाधा झालेली पंधरा वर्षांची मुलगी साकामोतो शिनोबू होती. जगाने तिला पाहिले. पण पाऱ्याच्या प्रश्नाचे सर्वांगीण मूल्यमापन संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने सिद्ध केले ते २००२ साली. हा प्रश्न जागतिक कृतीला पात्र आहे, असे पुढच्याच वर्षी ठरले. तथापि ती कृती ऐच्छिक असावी की कायद्याने बंधनकारक, यावर सहा वर्षे वाद चालला. अमेरिकेचा बंधनाला विरोध होता. भारत व चीन यांनाही कोळशावरील विजेचा प्रश्न भेडसावीत होता. फेब्रुवारी २००९ मध्ये नैरोबी येथे अमेरिकेने आपली भूमिका बदलली, त्यापाठोपाठ इतरांचाही विरोध मावळला आणि बंधनकारक करार करण्याचा निर्णय झाला.

वाटाघाटींच्या पाच बैठका झाल्या. पहिली २०१० साली स्टॉकहोमला, मग जपानमध्ये चिबा येथे, नंतर नैरोबीत, त्यानंतर उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे, आणि शेवटची जानेवारी २०१३ मध्ये जिनीव्हाला. उरुग्वेचे मुत्सद्दी फर्नांडो लुग्रिस हे अध्यक्ष होते. श्रीमंत राष्ट्रांना लवकरच्या मुदती हव्या होत्या. विकसनशील राष्ट्रे विचारीत होती की त्यासाठी पैसा आणि तंत्रज्ञान कोण देणार. गरिबाला दिवा लावण्यापासून रोखणारा करार त्यांना नको होता आणि त्यांचे म्हणणे गैरवाजवी नव्हते. अखेर रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर १९ जानेवारी २०१३ रोजी पहाटे मसुद्यावर एकमत झाले. कोणाचेही सर्व म्हणणे मान्य झाले नाही. म्हणूनच बहुधा सर्वांना तो मान्य करता आला.

नावाचा प्रश्नही सोपा नव्हता. कराराला मिनामाताचे नाव द्यावे, ही इच्छा जपानचे पंतप्रधान हातोयामा यांनी २०१० साली तेथील स्मृतिदिनी प्रकट केली होती. पीडितांपैकी अनेकांना ती सूचना खटकली. आमचे न्यायाचे दावे अद्याप लोंबकळत आहेत, गाळातील विष भरावाखाली पुरलेले आहे. तेव्हा आमचे नाव घेऊन प्रकरण संपल्याचा देखावा करू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रतिनिधी प्रथम मिनामातामध्ये जमले आणि १० ऑक्टोबरला कुमामोतो येथे करार सह्यांसाठी खुला झाला. त्या वेळी जपानच्या पंतप्रधानांच्या संदेशात, देशाने पाऱ्याच्या हानीवर मात केली आहे, अशा अर्थाचे उद्गार होते. पीडितांच्या मनाला ते लागले. नाव देणे हा सन्मान असतो, तसेच ते एक ऋणही असते. ते ऋण फेडले जाते आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार त्या नावाच्या धन्यांचा आहे.

पन्नास राष्ट्रांची मान्यता मिळाल्यानंतर १६ ऑगस्ट २०१७ रोजी करार अमलात आला. त्यात ३५ कलमे आहेत. पाऱ्याची नवी खाण कोणत्याही सदस्य राष्ट्राने काढावयाची नाही. चालू खाणी पंधरा वर्षांत बंद करावयाच्या. घेणाऱ्या देशाच्या लेखी संमतीशिवाय पारा निर्यात करावयाचा नाही. पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबाची यंत्रे, अनेक प्रकारच्या बॅटऱ्या व दिवे यांचे उत्पादन व व्यापार बंद करण्यासाठी २०२० सालची मुदत घालण्यात आली. कॉस्टिक सोडा व क्लोरीन यांच्या कारखान्यांतील पाऱ्याच्या वापराला २०२५ सालची मुदत होती. ज्या प्रक्रियेने मिनामाताचा घात केला, त्या ॲसिटाल्डिहाइडसाठी २०१८ साल ठरविण्यात आले. कराराच्या कलमांत त्या खाडीची आठवण अशी एका ओळीत कोरलेली आहे. औष्णिक वीजकेंद्रे, धातूंच्या भट्ट्या, सिमेंटचे कारखाने यांच्या धुराड्यांनाही नियम लागू झाले. पण तेथे मुदती सैल आहेत आणि उपाय निवडण्याची मोकळीक आहे.

मुत्सद्देगिरीचा विवेक वगळलेल्या गोष्टींतही दिसतो. काही लसींमध्ये थायमरसल हे पाऱ्याचे संयुग अल्प प्रमाणात असते; गरीब देशांतील बालकांना लस मिळत राहावी म्हणून अशा लसी वगळण्यात आल्या. पारंपरिक आणि धार्मिक आचारांत वापरावयाच्या वस्तूही वगळल्या आहेत. ज्या देशात पारदाच्या शिवलिंगाची पूजा होते आणि रससिंदूर औषध म्हणून दिले जाते, त्या देशाला या सवलतीचा अर्थ सांगावा लागणार नाही. मात्र कायद्याने सूट दिली म्हणून वस्तूचा गुणधर्म बदलत नाही. तेथे सावधगिरीचा भार वापरणाऱ्याच्या विवेकावर राहतो.

करार हा जिवंत ठेवावा लागतो. २०२३ साली जिनीव्हा येथील पाचव्या परिषदेत पारा मिसळलेल्या सौंदर्यप्रसाधनांना २०२५पर्यंत पूर्णपणे हद्दपार करण्याचे ठरले. त्वचा उजळ करण्याच्या हव्यासापायी अशी मलमे लावणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा निर्णय भारतीय घरांच्या किती जवळचा आहे, ते कळेल. २०२५ सालच्या सहाव्या परिषदेने दातांतील पारायुक्त मिश्रणाला २०३४ची अखेरची मुदत दिली.

मग कराराचे दुबळेपण कोठे आहे? ते सोन्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे २०१५ साली मानवी उद्योगांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के एकट्या लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामातून आला; कोळशाच्या ज्वलनाचा वाटा सुमारे २१ टक्के होता. दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आग्नेय आशिया येथील लक्षावधी गरीब लोक दगडाच्या भुकटीत पारा कालवतात, त्याला चिकटलेले सोने वेगळे करतात आणि पारा आगीवर उडवून देतात. वाफ त्यांच्याच फुप्फुसांत जाते. या कामात स्त्रिया व मुलेही आहेत. कराराने येथे संपूर्ण बंदी घातलेली नाही. वापर कमी करा, शक्य तेथे थांबवा आणि त्यासाठी राष्ट्रीय आराखडा तयार करा, इतकेच म्हटले आहे. बंदी घातली असती तर हा धंदा चोरवाटेने चालला असता, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु पोट भरण्याचे दुसरे साधन हाती आल्यावाचून हा पारा थांबणार नाही, आणि ते साधन देण्यासाठी सोन्याचे ग्राहक असलेल्या श्रीमंत देशांनी सढळ हाताने पैसा दिला पाहिजे.

भारताने ३० सप्टेंबर २०१४ रोजी करारावर सही केली आणि १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. भारतात पाऱ्याची खाण नाही. पण कोळशाची राख आणि जुन्या कारखान्यांचा वारसा आहे. कल्याणजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा साठल्याचे, गोव्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. भारतातील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांनी पाऱ्याची जुनी पद्धत सोडून पातळ पडद्याची नवी पद्धत स्वीकारली, ही समाधानाची गोष्ट होय. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्यालाही भारत सरकारने मर्यादा घालून दिली. मर्यादा कागदावर आली म्हणजे धूर शुद्ध होतोच असे नाही. तिची मोजदाद करणारे दक्ष डोळे प्रत्येक धुरांड्यापाशी हवे असतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये या कराराची पहिली परिषद जिनीव्हा येथे भरली. तेथे साकामोतो शिनोबू पुन्हा आल्या. १९७२ साली स्टॉकहोमला गेलेली मुलगी आता एकसष्ट वर्षांची झाली होती. विषाने जड केलेल्या जिभेने, एकेक शब्द सावकाश उच्चारीत, मिनामाता रोग अजून संपलेला नाही आणि स्त्रियांचे व मुलांचे रक्षण करा, असे त्यांनी राष्ट्रांच्या प्रतिनिधींना सांगितले. या दोन प्रवासांमध्ये पंचेचाळीस वर्षे गेली होती.

त्या पंचेचाळीस वर्षांत विज्ञानाला ठाऊक नव्हते असे नाही. विषाचे नाव १९५९ सालीच ज्ञात होते. ज्ञान होते, ते मान्य करण्याची इच्छा नव्हती, आणि मान्य केल्यावर एकत्र येण्याची यंत्रणा नव्हती. मिनामाता कराराचे मोल येथे आहे. तो गेलेल्यांना परत आणीत नाही आणि पांगळ्यांना चालते करीत नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या खाडीकाठची मांजरे गरगर फिरू लागली, तर कारण दडपून ठेवणाऱ्याला विचारणारे कोणीतरी असावे, दर ठरावीक काळाने राष्ट्रांना हिशेब द्यावा लागावा आणि माहिती व उपाय यांमधील वर्षे कमी व्हावीत, याची तजवीज त्याने केली आहे. ही तजवीज कामास येते की नाही, हे ठरेल सह्या करणाऱ्यांच्या दप्तरात, धुरांड्यांच्या तोंडाशी आणि सोने धुणाऱ्या गरिबाच्या झोपडीत. सह्यांची शाई केव्हाच वाळली आहे. पारा अजून वाहतो आहे.